गाण्यावर घर चालतं का? बडोद्यातल्या एका मुलीला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी दांडिया बाजारातल्या मराठी घरातली. सूरसागर तलावासमोरच्या परफॉर्मिंग आर्ट्स कॉलेजात गायनाच्या शेवटच्या वर्षाला आहे. नवरात्रात एका ग्रुपबरोबर कोरसला गाते. घरचे म्हणतात, बी.एड. करून घे. मुंबईला गेलेली मैत्रीण म्हणते, इकडे ये. त्यातच टीव्हीवरच्या एका गाण्याच्या स्पर्धेत ती पहिल्या फेरीतून पुढे गेली आहे. तिनं विचारलंय, "ताई, या क्षेत्रात टिकायचं कसं? आणि मुंबईला न जाता टिकता येतं का?"

बहुतेक मुलं ब्रेक कसा मिळेल एवढंच विचारतात. तू टिकायचं कसं हे विचारलंस, म्हणून सविस्तर लिहिते. मी याच शहरात गरब्याला गाते, दिवाळी पहाटेला अभंग-भावगीतं गाते, लग्नाच्या संगीतला गाते, जाहिरातींना आवाज देते आणि घरी शिकवते. याच कमाईवर घर चाललं, मुलाचं शिक्षण झालं. तेव्हा चालतं, हे मी खात्रीनं सांगू शकते. कसं चालतं ते मात्र बाहेरून दिसत नाही.

पहिलं काम ओळखीनं मिळतं. कुणाची गुरुबहीण असते, कुणाचा काका मंडळात असतो. त्यात कमीपणा वाटून घेऊ नकोस, सगळ्यांनाच तसं मिळतं. पण धंदा उभा राहतो तो दुसऱ्या बोलावण्यावर. ज्या ग्रुपनं, मंडळानं, स्टुडिओनं तुला एकदा बोलावलं, त्यांचा पुढच्या वर्षी आपणहून फोन येतो का, हे बघ. मी दर वर्षी दिवाळीनंतर एका वहीत दोन याद्या करते: कोणी परत बोलावलं आणि कोणी नाही. दुसऱ्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे कारण लिहिते. कधी मंडळाचं बजेट आटलेलं असतं, कधी आपण उशिरा पोचलेलो असतो. कारण स्वतःशी खरं लिहिलं की पुढच्या वर्षाची निम्मी तयारी तिथेच होते.

तू कोरसला आहेस, म्हणजे उत्तम शाळा तुला आधीच मिळाली आहे. आपल्याकडच्या मोठ्या मैदानांवर गाणं समोर, जिवंत चालतं. हजारो खेळैया, म्हणजे गरबा खेळणारे, गोलात फिरत असतात आणि त्यांचे पाय तुमच्या लयीवर पडत असतात. मुख्य गायकानं एका गरब्यातून दुसऱ्यात जायचं ठरवलं की मागे वळून सांगायला त्याला सवड नसते. त्याचा डावा हात जरा वर जातो, ढोलवाला ते बघतो, हींच या तालाचा सहा मात्रांचा ठेका सुटून कहरवा हा दुसरा ताल लागतो. त्याच आवर्तनात कोरसच्या तोंडात नव्या ओळीचा पहिला शब्द हवा. अर्धी मात्रा उशीर झाला तरी मैदानातल्या पावलांना हिसका बसतो. म्हणून चांगली कोरस गायिका मायक्रोफोनकडे बघत नाही, हाताकडे बघते. हे जिला जमतं तिला दोन-तीन वर्षांत एखादी ओळ एकटीनं मिळते, मग एखादा गरबा, मग आरतीनंतरची पहिली पंधरा मिनिटं. ही चढण हळू आहे, पण तिथून कुणी तुला सहजासहजी खाली आणू शकत नाही.

पट्टीचं, म्हणजे कोणत्या सुराला सा धरून गायचं त्याचं, आत्ताच शिकून घे. बहुतेक पुरुष गायक पेटीच्या काळी एक-दोनला सुखात असतात. तुझा आवाज काळी चारच्या आसपास खुलत असेल. रात्रभर त्यांच्याच पट्टीत गायचं म्हणजे एकतर फार खाली कुजबुजायचं, नाहीतर वरच्या सप्तकात ताणायचं. मुली संकोचानं हे बोलत नाहीत आणि तिसऱ्या रात्री घसा धरतात. तालमीतच सांग की, या दोन गरब्यांना माझी ओळ येते तिथे पट्टी बदलू या. कीबोर्डवाल्याला ते एका बटणाचं काम आहे. काम नीट होण्यासाठी मागितलेल्या गोष्टीला कुणी उद्धटपणा म्हणत नाही.

उच्चारांचंही तसंच. आपल्याला 'ळ' घरातूनच मिळालाय, त्याचा गुजराती गाताना मोठा फायदा होतो. 'च' मात्र दगा देतो. मराठी जीभ 'चाचर चोक' म्हणताना 'चमचा'तला च लावते आणि गुजराती श्रोत्याला ते पहिल्या ओळीला कळतं. ज्या गुजराती घरात आजी अजून माताजीचे जुने गरबे गाते तिथे जाऊन बस, ऐक आणि म्हणून दाखव. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोनं गरब्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तेव्हापासून बाहेरचे आयोजकही जुन्या पारंपरिक रचना आवर्जून मागतात. अशा रचनांचा साठा ज्याच्याकडे आहे त्याला काम आहे.

आता घसा. आवाज गाण्यानं जितका बसतो त्याहून जास्त, स्वतःचा आवाज ऐकू न आल्यानं बसतो. ढोल आणि ऑक्टोपॅडच्या दणक्यात आपण नकळत वर ओढत जातो. साऊंड चेकला लाजू नकोस. तुझ्या मॉनिटरमध्ये, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, तुझा आवाज, कीबोर्ड आणि थोडा ढोल एवढंच मागून घे. पहिल्या बऱ्या कमाईतून स्वतःचे इन-इयर, म्हणजे कानात घालायचे मॉनिटर घे, दागिना नंतर. कार्यक्रमाआधी आणि नंतर दहा मिनिटं पाण्यात बुडवलेल्या स्ट्रॉमधून सूर धरून हळू फुंकत राहा, स्वरतंतूंवरचा ताण सैल होतो. मध्यरात्री मैदानावरून परतताना तळलेलं खाऊन लगेच आडवं होणं बंद कर. पोटातलं आम्ल वर येतं आणि सकाळी आवाज जाड लागतो. दोन-तीन आठवडे घोगरेपणा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन दुर्बिणीनं स्वरतंतू तपासून घे. आणि कुणीतरी मेडिकलमधून आणून दिलेली स्टेरॉइडची गोळी घेऊन रात्र काढू नकोस. सूज तात्पुरती उतरते, आपल्याला बरं वाटतं, आपण जोर लावतो आणि इजा होते. चांगल्या चांगल्या गळ्यांचं यात नुकसान झालेलं मी पाहिलंय.

नवरात्र संपलं की मैदान रिकामं होतं, आणि टिकण्याचा खरा प्रश्न तिथून सुरू होतो. आपल्या गावचं वर्ष समजून घे. शरद पौर्णिमेला शेवटचे गरबे, मग दिवाळी पहाट. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत कमुरतं, म्हणजे गुजराती घरांत लग्नं जवळजवळ बंद. परदेशातून आलेल्यांचे घरगुती समारंभ तेव्हा असतात, ते ओळखीतूनच कळतात. पुढे उन्हाळ्यापर्यंत पुन्हा लग्नं आणि मध्ये गुढी पाडव्याचे कार्यक्रम. आषाढी एकादशीनंतर चातुर्मास. श्रावणात भजनं, भाद्रपदात गणपती, आणि पावसाळ्यातच पुढच्या नवरात्राच्या तालमी. यातल्या रिकाम्या महिन्यांचं आधीच काही ठरवलं नाहीस तर त्याच महिन्यांत माणूस खचतो आणि मिळेल त्या दरात मिळेल ते काम घेतो. माझे रिकामे महिने शिकवण्यासाठी आणि रेकॉर्डिंगसाठी राखलेले असतात, आणि नवरात्राच्या कमाईतला एक भाग मी आषाढ-श्रावणासाठी वेगळ्या खात्यात टाकते.

म्हणून एकाच प्रकारच्या गाण्यावर विसंबू नकोस. आपल्या गावाचं नाव लावणाऱ्या हिराबाई बडोदेकरांकडेच बघ. जन्म १९०५चा, वडील अब्दुल करीम खाँ बडोद्याच्या दरबारात गायक होते. प्रतिष्ठित घरच्या बाईनं चारचौघांत गाणं हेच लोकांना खपत नव्हतं, त्या काळात त्यांनी तिकीट लावून मैफली केल्या. संगीत नाटकात उभ्या राहिल्या, ध्वनिमुद्रिका दिल्या, चित्रपटात कामं केली, प्रभा अत्र्यांसारखी शिष्या घडवली. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळालं. रंगभूमीचे दिवस फिरले, बोलपट आले, पण त्यांचं गाणं थांबलं नाही, कारण एक दार मिटलं तेव्हा बाकीची उघडी होती. आणि हे सगळं करताना मूळ तालीम किराणा घराण्याची, ती पातळ होऊ दिली नाही. हा भाग तरुण मुलांच्या नजरेतून सुटतो. चार प्रकार गायचे म्हणजे चारही वरवर गायचे असं नाही. तुझी रोजची सकाळची बैठक राहिलीच पाहिजे, मग संध्याकाळी लग्नात सिनेमाची गाणी गायलीस तरी गळा तुझाच राहतो.

तू शिकतेस ती संस्थाही लहान नव्हे. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये गवई मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली, तिचंच हे आजचं रूप. शेवटच्या वर्षात तिथल्या तबलजींची, व्हायोलिनवाल्यांची, नाट्य विभागातल्या मुलांची गाठ बांधून घे. पुढची वीस वर्षं यांच्यातलेच लोक एकमेकांना कामं देणार आहेत. नाट्य विभागाच्या प्रयोगांना पार्श्वसंगीत दे, रंगमंचावर उभं कसं राहायचं तेही आपोआप कळेल. आकाशवाणीची स्वरपरीक्षा दे. बी ग्रेड मिळाली तरी अधिकृत शिक्का लागतो आणि मंडळवाले तो विचारात घेतात. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटातल्या कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, दोन वर्षं दरमहा पाच हजार रुपये. तुझं वय बसतंय, अर्ज कर.

पैशांचं बोलायला आपल्या घरांत संकोच करतात. मानधन विचारणं म्हणजे कलेचा अपमान, असं मला लहानपणी शिकवलं होतं. तू हा संकोच पहिल्याच वर्षी सोडून दे. ठरलेलं सगळं निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्यायचं: किती रात्री, किती तास, रात्रीचे किती, ॲडव्हान्स किती, बाकी कधी, येण्याजाण्याचं आणि जेवणाचं काय, पावसानं रात्र रद्द झाली तर किती, रेकॉर्डिंग करून यूट्यूबवर टाकणार असाल तर त्याचं काय. पावसाचा मुद्दा थट्टेवारी नेऊ नकोस. हल्ली नवरात्राच्या पहिल्या रात्रींना आभाळ भरून येतं, मैदानात चिखल होतो आणि आयोजक आधी कलाकारांचेच पैसे कापायला बघतो. एका आयोजकानं माझ्या शेवटच्या रात्रींचे पैसे 'गर्दी झाली नाही' म्हणून अडवले होते. गर्दीचा आणि मानधनाचा संबंध ठरलेल्या मजकुरात कुठेच नव्हता. तो मेसेज मी शांतपणे त्यालाच परत पाठवला, त्याच्या भागीदारालाही पाठवला, आणि काही आठवड्यांत पैसे आले. आवाज चढवून भांडले असते तर पैसेही गेले असते आणि गावात नावही खराब झालं असतं.

कंपनी किंवा मोठी संस्था पैसे देताना बहुधा दहा टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो बुडाला असं समजू नकोस. विवरणपत्र भरलं की जादा कापलेला कर परत मिळतो, मात्र तो तुझ्या पॅनवर जमा झालाय का ते आयकराच्या पोर्टलवरच्या २६एएस या पत्रकात बघायचं. वर्षाची एकूण उलाढाल वीस लाखांच्या पुढे जात नाही तोवर जीएसटी नोंदणीची चिंता नाही. शास्त्रीय किंवा लोककलेच्या कार्यक्रमाला मानधन दीड लाखांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी माफ आहे. कलाकारांची कामं करणारा एखादा सीए गाठून ठेव, आणि घेतलेल्या प्रत्येक पैशाची पावती दे. रोखीतला सगळा व्यवहार आज सोयीचा वाटतो, पण उद्या घरासाठी कर्ज मागायला बँकेत गेलीस की तुझ्याकडे कमाईचा कागद नसतो.

स्वतः चाली बांधत असशील किंवा गीतं लिहीत असशील तर गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेची सभासद हो. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहून काढून घेता येत नाही. गायक-वादकांच्या हक्कांसाठी इसाम्रा ही संस्था आहे. पैसे सुरुवातीला थोडे येतील, पण नोंदणी आत्ताच केलेली बरी, जुनी गाणी नंतर शोधत बसावं लागत नाही.

अमेरिकेतल्या गुजराती मंडळांचे गरबे नवरात्राच्या आधीच्या शनिवार-रविवारी असतात आणि आपल्याकडचे ग्रुप तिकडे जातात. कधी ना कधी तुलाही विचारतील. 'टुरिस्ट व्हिसावर चला, तिकडे कोण विचारतं' असं कुणी म्हणालं तर जाऊ नकोस. पैसे घेऊन गाण्यासाठी त्या व्हिसावर परवानगी नसते, पारंपरिक कलांसाठी पी-थ्री नावाचा वेगळा व्हिसा आहे आणि तो आयोजकानं काढून द्यायचा असतो. पकडलं गेलं तर शिक्का तुझ्या पासपोर्टवर बसतो, आयोजकाच्या नाही.

एकटीनं बाहेरगावी जाणं आलंच, तर हेही सांगते. राहण्याची खोली कुणाबरोबर आणि परतीची गाडी किती वाजता, हे निघण्याआधी ठरवून घे आणि घरी कळव. 'रात्री भेटून ठरवू' म्हणणाऱ्याला दिवसा ऑफिसात भेटते म्हणून सांग. काम देण्यासाठी नोंदणी फी, पोर्टफोलिओची फी, 'चॅनेलपर्यंत पोचवायची' फी मागणारा माणूस काम देत नाही, एवढं गाठीला बांध. कुणी त्रास दिलाच तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. ज्यांना ऑफिस नाही, नेमणूकपत्र नाही, अशा आपल्यासारख्यांनाही तिथे तक्रार करता येते. हे आपल्या ग्रुपमधल्या बाकी मुलींनाही सांग.

टीव्हीची स्पर्धा: पुढच्या फेरीचं बोलावणं आलं तर जरूर जा. कॅमेऱ्यासमोर उभं राहायची सवय होईल, ओळखी होतील. पण सहीसाठी कागद येतील ते घरी आणून वकिलाला दाखव. स्पर्धेनंतर इतके महिने किंवा वर्षं दुसरीकडे गायचं नाही, कमाईतला इतका वाटा आमचा, अशी कलमं असू शकतात. त्या काळात नवरात्र येत असेल तर ते नवरात्र तुला सोडून देतील असं लेखी घे. नाही दिलं तर तुझा हिशेब तू कर. मी तुझ्या जागी असते तर मुख्य गायिकेच्या उंबरठ्यावर असताना नवरात्र सोडलं नसतं.

आणि आता मुंबई, ज्याच्यासाठी तू पत्र लिहिलंस. बडोद्याहून मुंबई चारशे किलोमीटरच्या आत आहे. रात्री गाडीत बसलं की सकाळी दादरला. या अंतराचा फायदा घे. आधी बिऱ्हाड करू नकोस, आधी फेऱ्या कर. तिथे नव्या गायिकेला मिळतं ते काम म्हणजे कोरस, जिंगल, डबिंगमधली गाणी आणि स्क्रॅच. स्क्रॅच म्हणजे संगीतकाराला चाल ऐकवण्यासाठी तू गायचं, पुढे बहुतेक वेळा तो आवाज बदलून मोठ्या नावाचा येतो. त्याचं दुःख करू नकोस, पण फुकट गाऊ नकोस. थोडे का होईना, पैसे घे, आणि कोणत्या तारखेला काय गायलीस याचा मेसेज जपून ठेव. पट्टी दिली की पाच मिनिटांत चाल उचलणारी, कागद बघून कोणत्याही भाषेत स्वच्छ म्हणणारी आणि दुसऱ्या टेकला पहिल्यासारखंच गाणारी मुलगी तिथे हवी असते. मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही तुला येतात. तिथल्या पुष्कळ मुलींना ते येत नाही.

महिन्याला तीन-चार कामं एका पाठोपाठ सहा महिने येत राहिली आणि प्रवासानं दमायला झालं, की तेव्हा खोली बघ. सहा महिन्यांचं भाडं आणि जेवणाचे पैसे हातात ठेवून जा. काही नसताना तिथे जाऊन राहिलेल्या मुलींचा दिवस ट्रेनमध्ये आणि संध्याकाळ शिकवण्यांत जाते, रियाज राहून जातो, आणि काही काळानं आवाजच मागे पडतो. बडोद्यात घर आहे, आईच्या हातचं जेवण आहे, नवरात्र आहे. हे पाठीशी असलं की तिथे पडत्या दराला नाही म्हणायची ताकद येते.

बी.एड.बद्दल आई-बाबांची काळजी खरी आहे, त्यांच्याशी वाद घालू नकोस. शाळेतल्या मुलांना शिकवायची मनापासून आवड असेल तर अवश्य कर. फक्त आधार म्हणून करणार असशील तर माझं मत नाही असं आहे. दोन वर्षांची हजेरी आणि पाठ नेमके तालमींच्या वेळेत येतात, आणि तू आत्ता ज्या पायरीवर आहेस तिथून दोन नवरात्रं बाजूला झालीस तर जागा भरून जाईल. त्याऐवजी घरी वर्ग सुरू कर. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना, प्रारंभिकपासून, मुलं बसव. दहा-बारा विद्यार्थी झाले की दरमहा ठरलेली रक्कम हातात येते, आणि बाबांना हवी असलेली स्थिरता तीच. बी.एड. तीन वर्षांनीही करता येतं.

या श्रावणात तीन रेकॉर्डिंग करून ठेव: एक जुना गरबा नुसत्या ढोलावर, एक अभंग, आणि एक हिंदी गाणं कीबोर्डवर. प्रत्येक दोन मिनिटांच्या आत, आवाजावर काहीही इफेक्ट न लावता. काम मागायला जाशील तिथे हेच आधी मागतील. झाली की मला पाठव, पट्टी आणि उच्चार ऐकून सांगते.